सुकेळी, बोंबील आणि परक्याचे ताट : निर्मळ परिसरातील दोन अन्नांचा इतिहास

अन्नाच्या इतिहासात पीक आणि पाककृती या दोन विषयांचे विवेचन पुष्कळ झाले आहे. त्या मानाने एका समाजाचे घरचे अन्न परक्या समाजाच्या ताटात केव्हा व कोणत्या वाटेने जाते, आणि त्या प्रवासातून मूळ उत्पादकाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात वसई तालुक्यातील निर्मळ या गावाच्या आसमंतातील दोन अन्नांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यांपैकी एक बागायतदाराचे, म्हणजे सुकेळी; दुसरे दर्यावर्दी कोळ्याचे, म्हणजे सुका बोंबील. दोन्ही उन्हात तयार होतात, दोन्ही घरच्या बेगमीसाठी निर्माण झाली आणि दोन्ही पुढे परमुलखी गेली. तथापि त्यांचे भाग्य सारखे झाले नाही. या भेदाची कारणे शोधताना उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांच्या सीलमांसाचा अलीकडचा इतिहास तुलनेस उपयोगी पडतो. म्हणून त्याचाही परामर्श येथे घेतला आहे.

१. स्थळ आणि यात्रा

निर्मळ हे प्राचीन शूर्पारकाच्या, म्हणजे आजच्या सोपाऱ्याच्या, परिसरातील तीर्थक्षेत्र होय. सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरला, तेव्हापासून या प्रदेशाच्या प्राचीनतेविषयी विद्वानांत शंका उरली नाही. निर्मळचे तळे, परशुराम आणि विमलासुर यांची आख्यायिका, आणि शंकराचार्यांची समाधी यांमुळे हे स्थान पावन मानले जाते. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि त्यानंतरच्या मराठी अंमलात येथील देवस्थानाला पुन्हा ऊर्जितावस्था आली. त्याच निर्मळमध्ये पवित्र क्रुसाचे ख्रिस्तमंदिरही आहे. सामवेदी, वाडवळ, कोळी, ख्रिस्ती आणि हिंदू अशा अनेक समाजांची वस्ती एकमेकांस लागून असल्यामुळे येथील बोलींप्रमाणे येथील अन्नातही देवघेव झालेली दृष्टोत्पत्तीस येते.

निर्मळची यात्रा कार्तिक वद्य एकादशीस भरते. पावसाळा संपलेला, भातकापणी उरकत आलेली आणि हवा कोरडी झालेली, असा हा काळ. बागायतदाराच्या आणि कोळ्याच्या दृष्टीने वाळवणाच्या हंगामाचे हे तोंड होय. यात्रेची तिथी धर्माने ठरविली असली, तरी तिचा बाजार ऋतूने घडविला, असे म्हणता येईल. ज्या काळी पक्क्या सडका व बर्फ नव्हता, त्या काळी गावच्या वस्तूची परक्याशी गाठ पडण्याचे मुख्य ठिकाण यात्रा हेच होते. निर्मळच्या यात्रेत ज्या वस्तूने नाव मिळविले ती वस्तू सुकेळी होय. ती फलाहारात मोडत असल्यामुळे एकादशीच्या उपवासास चालते. परतणाऱ्या यात्रेकरूला ती महिनोन्महिने टिकणारा प्रसाद म्हणूनही नेता येते.

२. सुकेळी

'सुकेळी' हा शब्द 'सुके' आणि 'केळे' यांच्या समासातून आला असून, शेजारी आलेल्या दोन 'के' अक्षरांपैकी एक गळून पडल्याने त्याला आजचे रूप प्राप्त झाले. संस्कृत 'शुष्क', प्राकृत 'सुक्क', मराठी 'सुका' ही परंपरा सर्वपरिचित आहे. 'सुकट' हा मासळीवाचक शब्दही त्याच कुळातला. म्हणजे वाडीतील सुकेळी आणि कोळीवाड्यातील सुकट यांचे नाते केवळ उन्हाचे नाही, शब्दाचेही आहे.

सुकेळीसाठी राजेळी जातीचे केळे लागते. लोंगर उतरवून केळी पिकविणे, साली काढणे, दिवसा उन्हात वाळत घालणे आणि रात्री दवापासून झाकून ठेवणे, असे हे काम सुमारे आठवडाभर चालते. वाळून मधाच्या रंगाची झालेली केळी केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधतात. या उद्योगास यंत्र लागत नाही. परंतु ओलावा केव्हा किती उरला आहे हे बोटांनी ओळखणारी माणसे लागतात. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये निर्मळच्या शेजारच्या आगाशीच्या सुक्या केळ्यांची ख्याती नमूद आहे. त्यापूर्वीच, १२ एप्रिल १८६७ रोजी, विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत रेल्वेची गाडी सुरू झाली होती. यात्रेवर अवलंबून असलेल्या बागायती मालाला या गाडीने मुंबईचा रोजचा बाजार मिळवून दिला.

सुकेळीच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट अशी की, तिला परक्या ताटाने कधीही नाकारले नाही. ती निषिद्ध नव्हती, तिला वास नव्हता, कोणत्याही जातिधर्माच्या मनुष्याला ती चालत होती. असे असूनही तिचे उत्पादन क्षीण झाले. याचे कारण ताटात नसून जमिनीत शोधावे लागते. वसईची बागायत रहाटाच्या विहिरींवर उभी होती. मुंबई वाढली, विरारपर्यंतच्या रेल्वेने नोकरदारांची वस्ती आणली, विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले आणि वाड्यांची जागा इमारतींनी घेतली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन उभारले, त्याच्या मुळाशी हीच पाण्याची व जमिनीची चिंता होती. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली आणि या परिसराचे नागरीकरण प्रशासकीयदृष्ट्याही पूर्ण झाले. ग्राहक आहे, गोडी आहे, कीर्ती आहे. परंतु पिकविणाऱ्याची वाडी राहिलेली नाही, अशी सुकेळीची अवस्था झाली. खाणाऱ्याची पसंती ही उत्पादकाच्या रक्षणास आवश्यक असेल, पण ती पुरेशी नाही, हा या पहिल्या उदाहरणाचा बोध होय.

३. बोंबील

निर्मळपासून पश्चिमेस कळंबचा आणि वायव्येस अर्नाळ्याचा किनारा लागतो. दक्षिणेस वसई किल्ल्यालगत पाचूबंदर आणि त्यापलीकडे नायगाव ही कोळ्यांची गावे आहेत. या पट्ट्याचे मुख्य मासेमारीचे साधन म्हणजे डोल. ही शंकूच्या आकाराची मोठी पिशवीजाळी समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी तिच्यात शिरते. म्हणून डोलीचे वेळापत्रक घड्याळावर नसून तिथीवर चालते : उधाणाला मासळी अधिक, भांगाला उणी. बोंबील हे या डोलीचे प्रमुख फळ होय.

बोंबलाच्या अंगात पाण्याचे प्रमाण अतिशय असते. पकडल्यावर तो फार लवकर नासतो. त्यामुळे बर्फाच्या पूर्वीच्या काळात ताजा बोंबील हे किनाऱ्यावरच्या माणसाचेच अन्न होते. दूर जायचे तर त्याला सुकावेच लागे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरांवर किंवा बांबूच्या वलांडीवर टांगतात. मीठ न लावता केवळ वारा आणि ऊन यांवर ते वाळते. हे काम बहुतांशी स्त्रियांचे. पुरुषाने समुद्रातून आणलेल्या नाशवंत मालाला टिकाऊ धनाचे रूप स्त्री देते, आणि विक्रीही तीच करते. सुकविण्याच्या क्रियेचे आर्थिक महत्त्व येथे ध्यानात घ्यावयास हवे. ताज्या मासळीचा भाव संध्याकाळपर्यंत पडतो. सुक्या मासळीची मालकीण मात्र भाव न पटल्यास टोपली उचलून पुढच्या बाजारास जाऊ शकते.

सुका बोंबील घाटाखालच्या आणि डोंगरपट्टीच्या आठवडी बाजारांत गेला. पावसाळ्यात समुद्र बंद, भाजीपाला दुर्मिळ, अशा दिवसांत बोंबील, सुकट व जवळा यांवरच शेतमजूर व आदिवासी कुटुंबांचे कालवण चाले; आगोटीच्या बेगमीत सुक्या मासळीचे स्थान धान्याच्या खालोखाल होते. म्हणजे बोंबलाचे पहिले परके ताट हे श्रीमंताचे नव्हते, गरिबाचे होते. याच कारणाने सुशिक्षित मध्यमवर्गाच्या भाषेत बोंबील हा दीर्घकाळ उपहासाचा विषय राहिला. किडकिडीत माणसाला दिलेली 'सुका बोंबील' ही उपमा, आणि वाळवणाच्या वासावरून कोळीवाड्यांना लावलेली दूषणे, ही त्याची साक्ष होत.

४. नावाचा प्रवास

बोंबलाचे दुसरे परके ताट इंग्रजांचे. इंग्रजीत त्याची दोन नावे रूढ झाली. एक 'बमेलो', जे मराठी 'बोंबील' याचेच विकृत रूप असून यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात नोंदले आहे. दुसरे 'बॉम्बे डक'. या दुसऱ्या नावाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती अशी सांगतात की, सुके बोंबील मुंबईच्या डाकगाडीने जात, त्या गाडीला त्यांचा वास येई, आणि 'बॉम्बे डाक' याचे 'डक' झाले. ही व्युत्पत्ती टिकत नाही. मुंबईहून ठाण्यास पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी गेली. 'बॉम्बे डक' हे नाव मात्र १८२९ च्या एका इंग्रजी पुस्तकात आधीच आढळते. गाडीपूर्वी जन्मलेले नाव गाडीवरून पडणे शक्य नाही.

व्युत्पत्ती खोटी असली तरी तिच्यातील मनोवृत्ती खरी आहे. या कथेत मुंबई आहे, गाडी आहे, वास आहे, इंग्रज प्रवासी आहे. फक्त बोंबील वाळविणारी स्त्री नाही. विसाव्या शतकात ब्रिटनमधील भारतीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपाहारगृहांत कुरकुरीत 'बॉम्बे डक' हे तोंडीलावणे म्हणून मिळू लागले. ही उपाहारगृहे चालविणारे पुष्कळसे लोक सिल्हेटचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातील. त्यांच्या बंगालीत या माशाचे नाव 'लोइट्टा'. नाव मुंबईचे, स्वयंपाकी सिल्हेटचा, खाणारा इंग्रज, आणि उत्पादक अनामिक, अशी ही विलक्षण साखळी होती. जेथे अन्नाबरोबर उत्पादकाचे नाव प्रवास करीत नाही, तेथे त्याची बाजू मांडणाराही प्रवास करीत नाही. याचा प्रत्यय १९९७ साली आला.

त्या वर्षी युरोपीय आयोगाच्या नियमांमुळे ब्रिटनमध्ये बोंबील येणे बंद झाले. भारतातून केवळ मान्यताप्राप्त गोठवण किंवा डबाबंदी कारखान्यांतील मासळी घ्यावी, असा तो नियम होता. बोंबील कारखान्यात तयार होत नाही, उघड्या किनाऱ्यावर वाळतो; म्हणून तो आपोआप नियमाबाहेर पडला. तेथील खवय्यांनी त्याविरुद्ध मोहीम चालविली. त्या काळी ब्रिटनचा वार्षिक खप सुमारे १३ टन सांगितला जाई. पुढे भारतीय उच्चायुक्तालयाशी विचारविनिमय होऊन नियमात सवलत मिळाली : मासळी उघड्यावर वाळविण्यास हरकत नाही, मात्र तिचे पॅकिंग मान्यताप्राप्त केंद्रात झाले पाहिजे. वाळवणाची कला अशा रीतीने वाचली. पण मान्यताप्राप्त केंद्र म्हणजे भांडवल आणि परवाना. आणि ज्याच्याकडे परवाना, त्याच्याकडेच निर्यातीच्या भावाचा मोठा वाटा जाणार, हेही उघड आहे.

५. सीलमांसाचे तुलनात्मक उदाहरण

हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात इनुइट समाजापुढे उभा राहिला. 'इनुइट' या शब्दाचा अर्थच 'लोक' असा असून त्याचे एकवचन 'इनुक' होय. आपल्या भूमीतील शिकारीच्या अन्नाला ते 'निकितुइन्नाक', म्हणजे खरे अन्न, म्हणतात. त्यात सीलचे स्थान मोठे. हे मांस कुटुंबात व गावात वाटून खाण्याची परंपरा आहे. कातडी विकून जे पैसे येत, त्यांतून काडतुसे आणि इंधन घेऊन पुढची शिकार होई. म्हणजे बाजार कातड्यापुरता आणि मांस नात्यापुरते, अशी ही व्यवस्था होती.

१९८३ साली युरोपीय समुदायाने सीलच्या विशिष्ट दोन जातींच्या पिलांच्या कातड्यांची आयात थांबविली. इनुइट शिकारी मुख्यतः प्रौढ सील मारीत. तरीही एकूण कातडीबाजारच कोसळला आणि उत्तरेकडील गावांचे उत्पन्न बुडाले. २००९ च्या नियमाने सीलजन्य सर्व वस्तूंवर बंदी आली. तिच्यात इनुइटांसाठी अपवाद ठेवला होता. परंतु ज्या वस्तूविषयी ग्राहकाच्या मनात घृणा बसली, तिला कागदावरचा अपवाद गिऱ्हाईक आणून देऊ शकत नाही. हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेपुढे गेले. २०१४ साली तिच्या अपील मंडळाने सार्वजनिक नीतीच्या कारणास्तव बंदी तत्त्वतः ग्राह्य मानली, मात्र अपवादाच्या अंमलबजावणीतील भेदभावावर आक्षेप घेतला. इनुइटांची बाजू अलेथिया अर्नाकुक-बॅरिल यांच्या 'अँग्री इनुक' या २०१६ च्या अनुबोधपटाने जगापुढे ठेवली.

२०१७ साली टोरांटो शहरातील एका आदिवासी पाककृतींच्या उपाहारगृहाने सीलमांस वाढण्यास प्रारंभ करताच मोठा वाद झाला. एका बाजूने त्याविरुद्ध स्वाक्षऱ्या जमविल्या गेल्या. दुसऱ्या बाजूने असे विचारले गेले की, शहरातील इतर असंख्य मांसगृहांविषयी मौन बाळगणाऱ्यांनी नेमके हेच ताट का निवडावे? या वादात एक सूक्ष्म मुद्दा पुढे आला. तेथे वाढले जाणारे मांस व्यापारी शिकारीतून आले आहे, इनुइटांच्या निर्वाहशिकारीतून नव्हे, असे विरोधकांचे म्हणणे होते. हा आक्षेप हेतुपुरस्सर असो वा नसो, तो मर्मावर बोट ठेवतो. एखाद्या समाजाचे अन्न ताटात येणे आणि त्या समाजाने मिळविलेले अन्न ताटात येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने त्या समाजाविषयीचा दुरावा कमी होतो. दुसरीने त्याची चूल पेटते.

६. ताटाकडून किनाऱ्याकडे

ही कसोटी पुन्हा आपल्या किनाऱ्यास लावून पाहू. स्वातंत्र्योत्तर काळात नौकांचे यांत्रिकीकरण, नायलॉनची जाळी, बर्फाचे कारखाने आणि सहकारी संस्था यांमुळे मासेमारीचे स्वरूप बदलले. ताजा बोंबील किनारा सोडून शहरात जाऊ लागला. त्यातील पाणी वजनाखाली दाबून काढावे, रवा किंवा तांदळाचे पीठ लावून तळावे, ही घरगुती रीत मालवणी, गोमंतकी व इतर खाणावळींतून उपाहारगृहांच्या पत्रिकेवर आली. ज्याला एके काळी गरिबाचे कालवण म्हणून हिणविले, तोच बोंबील प्रतिष्ठित झाला. प्रतिष्ठा मिळाली हे खरे. पण तिच्याबरोबर स्त्रीच्या हातातील वाळवणाचे काम, आणि भावासाठी थांबण्याची तिची शक्ती, ही कमी झाली. ताज्या मालाचा धनी बर्फ व वाहन बाळगणारा व्यापारी असतो.

या उणिवेवर एक उपाय म्हणजे उत्पादकानेच ताट वाढणे. वेसाव्याच्या कोळी बांधवांनी भरविलेल्या मत्स्यान्न महोत्सवांत कोळी स्त्रिया स्वतः रांधून वाढू लागल्या, आणि शहरातील माणूस कोळीवाड्यात पाहुणा म्हणून येऊ लागला. २०२३ साली मुंबई महापालिकेच्या पुढाकाराने माहीम कोळीवाड्यात समुद्रकाठी मत्स्यान्नाचे एक केंद्र सुरू झाले. तेथील पदार्थ स्थानिक महिला बचत गट करतात. येथे मासळी, पाककृती आणि मोबदला या तिन्ही गोष्टी एकाच समाजाच्या हाती राहू शकतात. निर्मळच्या यात्रेत बागायतदार आपली सुकेळी स्वतःच्या हाताने यात्रेकरूस देत असे, त्याच तत्त्वाचा हा नवा अवतार म्हणावयास हरकत नाही.

तथापि सुकेळीने दिलेला इशारा येथेही विसरता येत नाही. वाडी गेल्यावर सुकेळीचा ग्राहक निरुपयोगी ठरला. समुद्र गेल्यावर बोंबलाचा ग्राहकही तसाच ठरेल. बारीक आसाच्या जाळ्यांनी होणारी पिलांची मासेमारी, यांत्रिक जाळ्यांचा अतिरेक आणि शहरांचे सांडपाणी यांमुळे किनाऱ्यालगतचे मत्स्यधन संकटात आहे. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमापासून १ जून ते ३१ जुलै या काळातील मासेमारीबंदीपर्यंतचे उपाय याच जाणिवेतून आले. २०२३ साली रुपेरी पापलेटाला राज्यमाशाचा मान देताना त्याच्या संवर्धनाचाच हेतू सांगितला गेला. पालघर जिल्ह्यातच वाढवण येथील बंदरास जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा मच्छीमारांनी केलेल्या विरोधाचा आशयही हाच होता की, मासेमारीचे क्षेत्र गमावल्यावर नुकसानभरपाईची रक्कम तिची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक बाब चिंतनीय आहे. परक्या ताटाची किंमत वाढली की घरच्या ताटातून तो पदार्थ नाहीसा होण्याचा संभव असतो. इनुइट समाजात मांस विकावे की वाटावे याविषयी जे मतभेद आहेत, त्यांचे मूळ या भयात आहे. डोंगरपट्टीच्या आठवडी बाजारातील सुका बोंबील मजुराच्या ऐपतीबाहेर गेला, तर शहरातील प्रतिष्ठेची किंमत त्याच्या पावसाळी कालवणाने मोजली, असेच म्हणावे लागेल. पदार्थाला मान मिळणे हे त्याच्या जुन्या खाणाऱ्याला उपाशी ठेवण्याचे निमित्त होता कामा नये.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. परके ताट उत्पादक समाजाचा आधार होऊ शकते. परंतु त्यास चार गोष्टींची पूर्तता व्हावी लागते. ताटावर नियम लादणाऱ्याला उत्पादनाची रीत ठाऊक असली पाहिजे; १९८३ आणि १९९७ या दोन्ही वर्षी ती ठाऊक नव्हती. अन्नाबरोबर उत्पादकाचे नाव आणि मोबदला यांचा सांधा तुटता कामा नये. 'बॉम्बे डक' या नावात तो तुटला होता. ज्या भूमीतून वा समुद्रातून ते अन्न येते, तिचे रक्षण आधी झाले पाहिजे. सुकेळीच्या बाबतीत ते झाले नाही. आणि शेवटी, ते अन्न ज्यांचे मूळचे, त्यांच्या घरी ते शिजत राहिले पाहिजे.

कार्तिक वद्य एकादशीस निर्मळची यात्रा आजही भरते आणि तेथे सुकेळीही मिळते. यात्रेकरूच्या हाती पडणाऱ्या त्या पानाच्या पुडीत केवळ वाळलेले केळे नसते. एक विहीर, एक वाडी आणि आठवडाभराचे ऊन तिच्यात बांधलेले असते. अर्नाळ्याच्या वलांडीवरील बोंबलाच्या जोडीतही तसेच एक उधाण आणि दोन हातांचे श्रम अडकलेले असतात. अन्नाचा इतिहास लिहिणाऱ्याने ताटापासून आरंभ करावा, पण या पुडीपर्यंत आणि या वलांडीपर्यंत पोहोचल्यावाचून तो इतिहास पूर्ण झाला असे मानू नये.